स्क्रीनला बोट लावायचं नाही

दत्ता, आधीच सांगते, मी रडत नाहीये. मी फोडते आहे. तुझा तो काळा मग, ज्याला कोणी हात लावलेला तुला चालायचा नाही, तो परवा स्टुडिओच्या भिंतीवर मारला. मग थर्मास. मग तुझ्या प्लास्टिकच्या खुर्चीला तिचा पाय मोडेपर्यंत लाथा घातल्या. आवाज ऐकून खालच्या काकू वर आल्या, दारात उभं राहून सगळा पसारा बघितला आणि म्हणाल्या, "सुजाता, अजून फोडायचं असेल तर माझ्याकडे जुने कप आहेत गं, देऊ का?" मी हो म्हटलं. त्या खरंच घेऊन आल्या.

आपल्या व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्याबद्दल लिहिलं. शांत, मनमिळाऊ, हसतमुख. वाचून मला आधी हसू आलं आणि मग एवढा राग आला की फोन गादीवर फेकला. शांत? तू? भर मांडवात दुसऱ्या कॅमेरावाल्याची गचांडी धरून "नवरीला कावीळ झालीय का रे?" असं विचारणारा माणूस शांत? मेलेल्या माणसाला लोक लगेच देवमाणूस करून टाकतात. मी तसं होऊ देणार नाही. तू भांडकुदळ होतास, हेकट होतास, आणि त्या हेकटपणापायीच गेलास. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते मी आज पुरं करणार आहे आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

पहिल्या दिवसापासून आपल्यात मारामारीच होती. ठाण्याला स्टेशनजवळच्या त्या स्टुडिओत मी नवीन लागले होते. नवरीच्या शालूचा रंग दाखवायला मी तुझ्या मॉनिटरकडे बोट नेलं आणि काचेला टेकायच्या आत सटकन लाकडी पट्टी बसली बोटांवर. "स्क्रीनला बोट लावायचं नाही." मान वर करून बघितलंससुद्धा नाही. मी चाळीतली मुलगी, नळावरच्या भांडणांत तयार झालेली. तीच पट्टी तुझ्या हातातून ओढली आणि तुझ्या टाळक्यात घातली. पट्टीचे दोन तुकडे झाले. तू डोकं चोळत म्हणालास, "हात चांगला आहे. एडिटिंग पण असंच करतेस का?"

मग आपण दोघांनी मिळून डोंबिवलीत आपलं दुकान मांडलं. पहिल्याच दिवशी तू टेबलावर नवी पट्टी ठेवलीस. गावची जमीन बिल्डरला गेली तेव्हा तुमच्या वाट्याला जे फ्लॅट आले, त्यातल्या एकाच्या दोन खोल्या. मी कापायची, तू रंगवायचास. हजार तासांतून लग्न शोधून काढणं माझं काम, आणि त्या लग्नात माणसाची कातडी कातडीसारखी, सोनं सोन्यासारखं दिसेल हे बघणं तुझं. लोक अजून विचारतात, तुमचं नातं काय होतं? बायको नाही, बहीण नाही, मैत्रीण म्हणावं तर रोज एकमेकांचा जीव घ्यायला निघायचो. मी सांगते, आमचं दुकान होतं.

आणि तुझी ती पूजा. दर सोमवारी. खिडकीवर काळं कापड. ट्यूबलाइट बंद, मॉनिटरच्या मागे तो एकच मिणमिणता दिवा. मॉनिटर अर्धा तास नुसता चालू ठेवायचा, कारण थंड स्क्रीनचे रंग स्थिर नसतात. मग मुठीत मावेल एवढं ते यंत्र काचेवर सोडायचं. भिंतीला चिकटल्यासारखं स्क्रीनला चिकटून बसतं म्हणून तू त्याचं नाव पाल ठेवलं होतंस. पालीखाली स्क्रीन लाल व्हायची, हिरवी व्हायची, निळी व्हायची, मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळे राखाडी, आणि कुठला रंग जसा हवा तसा नाही ते पाल सांगायची. त्यावरून मॉनिटर दुरुस्त व्हायचा. तेवढा वेळ खोलीत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत. माझी गुलाबी ओढणी तू एकदा खिडकीतून खाली टाकलीस, का तर तिचा रंग काचेवर पडतो. ती खाली भाजीच्या गाडीवर मेथीच्या जुड्यांवर जाऊन पडली. त्या दिवसापासून मी राखाडी टी-शर्ट घालायला लागले, पण आधी तुझी चप्पल त्याच खिडकीतून गेली.

भिंतीला राखाडी रंग द्यायचा होता ते आठवतं? मी आणलेल्या डब्यात तुला निळसर झाक दिसली. दुकानदाराला दिसली नाही, रंगाऱ्याला दिसली नाही, मला तर दिसलीच नाही. तू रोलर फेकून मारलास. मी अख्खा डबा तुझ्या बुटांवर ओतला. मग दोघंही फरशीवर बसून हसलो, आणि दुसऱ्या दिवशी तू ते बूट घालून आलास. "आता बघ," म्हणालास, "उन्हात बघ. निळा आहे की नाही?" होता, मेल्या. निळाच होता.

तुझी आई मला आवडायची. आवडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला आपण पहिल्यांदा स्टुडिओत आणलं, तेव्हा तू तिच्यासमोर तिच्याच लग्नाचा तो एकमेव जुना फोटो लावलास, उडालेले रंग परत आणून. ती बराच वेळ बघत राहिली. "माजा लुगरा एवरा हिरवा होता?" म्हणाली. तू लगेच बाहेर गेलास पाणी आणायला. पाणी आतच होतं, माठात. मी आईला काही बोलले नाही, आणि तुलाही कधी बोलले नाही की मला कळलं होतं. आज सांगितलं.

पण एका गोष्टीवर मी कधीच तुझ्याशी सहमत झाले नाही. "दत्ता, हे कोण बघणार आहे?" मी ओरडायचे. "लोक मोबाइलवर बघतात. काच फुटलेल्या मोबाइलवर. नाहीतर हॉलमधल्या टीव्हीवर, जिथे सगळे रंग वाढवून ठेवलेले असतात. तू इथे राख आणि कोळसा यातला फरक काढत बसतोस, तिकडे नवरीची मावशी ते बघणार जांभळ्या टीव्हीवर. कोणासाठी करतोस हे?" तुझं उत्तर दर वेळी तेच. "वाण्याचा काटा बरोबर पाहिजे. गिऱ्हाइकाच्या घरचा कसा का असेना. एक तरी जागा बरोबर पाहिजे ना यार." मला ते उत्तर कधीच पुरलं नाही. कोणासाठी, हे तू कधीच सांगितलं नाहीस.

मग दिवा गावात तुझ्या मामाच्या घरची हळद आली.

तुमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मामाचा धाकटा मुलगा नवरा, अख्खा गाव पाहुणा. मांडवात सगळ्यांनी पिवळंच घालायचं हे ठरलेलं. आई आणि मामी उल्हासनगरला जाऊन कापडाचे तागे घेऊन आल्या, घरच्या सगळ्या पुरुषांना एकसारखे कुर्ते शिवले. त्यात मामाचा मोठेपणा आडवा आला. म्हणाला, माझ्या हळदीत कोणी बिनहळदीचा फिरणार नाही, वाढप्यांना द्या, मांडववाल्याला द्या, लाइटवाल्यालाही द्या. तोपर्यंत उल्हासनगरचं कापड संपलेलं. मग कल्याणच्या बाजारातून दुसरं आलं. पिवळंच. कोणी एवढं बघतं?

तू बघतोस. सुरुवातीलाच तू मामाला स्टेजवर उभं करून त्याच्या छातीशी ते राखाडी कार्ड धरायला लावलंस, लाइटचा रंग मोजायला. लोक हसले. मामाही हसला. "भाच्यानं मना आरोपीसारका उबा केलाय," म्हणाला. ते मी तासन्तास बघितलंय आता. किती खूश होता माणूस.

पुढचं सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. नाचता नाचता कोणाच्या तरी हातातला ग्लास सांडला, शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, आणि पिवळ्या कुर्त्यातल्या एका माणसाने लाइटचा लोखंडी स्टँड उचलून नवऱ्याच्या मित्राच्या डोक्यात मागून घातला. तो खाली पडला तरी अजून एकदा घातला. त्या मित्राचा एक डोळा गेला. त्याने मारणाऱ्याला बघितलंच नव्हतं. आणि बघणाऱ्यांना तरी काय दिसणार? सगळ्यांच्या तोंडाला हळद फासलेली, सगळ्यांच्या अंगात पिवळं. स्टँड लाइटवाल्याचा, म्हणून लाइटवाल्याला धरला. त्याच गावातला विलास. आपल्याबरोबर किती लग्नं केली त्याने. कधी काम अर्धं टाकून गेला नाही, कधी चढ्या आवाजात बोलला नाही.

त्याची बायको आपल्याकडे आली. बसली नाही. दाराला धरून उभी. "भाऊ, तुमच्याकडं शूटिंग आसंल ना? माज्या माणसानं मुंगी मारलेली नाय ओ." तू तिला पाणी दिलंस आणि मला म्हणालास, "सुजे, क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं शूटिंग काढ." मी काढलं. माझ्या मॉनिटरवर पिवळ्यात पिवळं. मग तू तेच तुझ्या मॉनिटरवर लावलंस, त्या राखाडी कार्डावरून लाइटची निळाई काढलीस, आणि चित्र सरळ झालं. तेव्हा दिसलं. स्टँड उचलणाऱ्याचा कुर्ता लिंबाचा होता. त्याच्या बाजूने वायर वाचवत पळणारा विलास, त्याचा कुर्ता गडद, खऱ्या हळदीचा. दोन पिवळे होते तिथे. एवढे वेगळे की मला माझीच लाज वाटली. मारणाऱ्याची चाल तू माझ्याआधी ओळखली होतीस. तुझा मामेभाऊ, नवऱ्याचा थोरला भाऊ प्रशांत. लहानपणी तुम्ही एका ताटात जेवलेले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. मी म्हटलं, पोलिसांना द्यायचं, पण गपचूप. फाइल देऊ आणि तू थोडे दिवस पुण्याला माझ्या बहिणीकडे जाऊन राहा. तू म्हणालास, चोर आहे का मी? चौकीवर गेलो तर तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन्ही पिवळे पुन्हा एकच झाले. साहेब माणूस बरा होता. डोळे बारीक करून बघत होता बिचारा. "मॅडम, मला दोन्ही सारखेच दिसतात. बघा ना, हा पण पिवळा, हा पण पिवळा." त्याने बोट काचेला लावलं आणि मी तुझा हात घट्ट धरला, नाहीतर तू त्याला पण फटका मारला असतास. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, तुमच्या स्टुडिओत येऊन बघतो, शुक्रवारी संध्याकाळी.

घरी आईने तुझे पाय धरले. मी होते तिथे. "पोरा, तो तुजा मामा हाय. माजे भावाचे घरान पोलीस नको आनू रे." तू तिला उठवलंस, खुर्चीत बसवलंस आणि म्हणालास, "आई, विलासच्या घरात आणलेत ना त्यांनी." ती तुझ्याशी बोलायची बंद झाली. ते तुम्हा दोघांचं शेवटचं बोलणं. ती मला रोज विचारते, तो अजून काही बोलला होता का. मी सांगते, बोलला होता, तुझ्या हातचं सुकटीचं कालवण खायचंय म्हणाला होता. खोटं आहे. पण तू रोज तेच म्हणायचास, म्हणून फार खोटं नाही.

आता शुक्रवार. दत्ता, मी शुक्रवारावर तुला माफ करणार नाही.

दुपारी मामाच्या गावाहून, दिव्याहून, फोन आला. प्रशांत दोन पोरांना घेऊन निघालाय, प्यायलेला आहे, तुम्ही तिथून निघा. मी पिशवी उचलली. फुटेजची एक हार्ड डिस्क माझ्या डब्याच्या पिशवीत होतीच, रोज एक प्रत माझ्या घरी जायची हा तुझाच नियम. म्हणजे काहीही हरवणार नव्हतं. आपण नुसतं जिना उतरून रिक्षा पकडायची होती. आणि तू काय म्हणालास? "आत्ताच चालू केलाय. वॉर्म-अप चाललाय. साहेब संध्याकाळी येणार, त्याला काय थंड स्क्रीनवर दाखवू?"

मी तुला शिव्या घातल्या. बाहीला धरून ओढलं. तुझ्या टी-शर्टाची शिवण उसवली. तू हसत होतास. म्हणालास, "सुजे, अर्धाच तास. पश्या आहे तो, लहानपणापासून बघतोय, शिव्या देईल आणि रडेल." अर्धा तास झाला. तू पाल काचेवर सोडलीस. स्क्रीन लाल झाली, हिरवी झाली, आणि दारावर लाथ बसली.

तो रडला नाही. "तुना रंगाची लई खाज हाय ना?" एवढंच बोलला आणि माझा मॉनिटर उचलून जमिनीवर आपटला. दुसऱ्याने हार्ड डिस्कचं कपाट ओढून पाडलं. तू अजून खुर्चीतच. "पश्या, काय फोडायचं ते फोड. ह्या स्क्रीनला हात नको लावू." म्हणून त्याने लावला. अख्खा पंजा, पालीच्या बाजूला, आणि ढकलली. तू उडी मारलीस. पहिला ठोसा तू मारलास दत्ता, पोलिसांना मी हेही सांगितलं, कारण तसंच झालं. मग त्यांनी तुला मारलं. तिघांनी. ट्रायपॉडने, बुटांनी, तुझ्याच कीबोर्डने. मी दुसरा ट्रायपॉड घेऊन एकाच्या गुडघ्यावर घातला, काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मला बरं वाटलं. प्रशांतच्या दंडाला चावले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्याने झटकलं तेव्हा मी भिंतीवर गेले, आणि तुला धरून त्याने लोखंडी रॅकवर मागे लोटलं. तो आवाज वेगळा होता. त्यालाही कळलं असावं. ते तिघं पळाले.

तू भिंतीला टेकून बसला होतास. शुद्धीवर होतास. "पाल बघ गं," म्हणालास. "फुटली का?" मी म्हटलं, खड्ड्यात गेली पाल. तू मूठ उघडलीस. तुझ्या हातातच होती.

ठाण्याच्या हॉस्पिटलकडे जाताना अँब्युलन्स माजिवड्याच्या पुलाखाली अडकली. पुढे-मागे नुसत्या गाड्या. मी उतरले आणि बॉनेटवर हात आपटत सुटले. एकाची काच फोडली. लोकांनी वाट दिली, दिली रे, पण उशिरा. तुझ्या राखाडी टी-शर्टवर मानेपासून खालपर्यंत लाल उतरत होतं. तो लाल आता मी कुठल्याही स्क्रीनवर ओळखेन. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि मी त्यांच्यावर पण ओरडले. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

तू पालीसाठी मेलास. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार होते. अर्ध्या तासासाठी, एका गरम स्क्रीनसाठी, एका साहेबासाठी ज्याला दोन पिवळ्यांतला फरकही दिसत नव्हता. आणि एवढं करून विलास आतच राहिला. तुला मारल्याबद्दल प्रशांतला धरला, मी साक्षीदार आहे, तो सुटणार नाही असं मी बघेन. पण हळदीची केस वेगळी. साहेब मला म्हणाला, "मॅडम, मी मानतो की पिवळे दोन आहेत. पण कुठला पिवळा कोणाचा, हे कोण सांगणार? घरचं कोणीतरी पाहिजे."

घरचं कोण? साहेबाचं बोलणं मी आईच्या कानावर घातलं, पुढे काही मागितलं नाही. मामा रोज आईच्या पायाशी येऊन बसायचा. मोठा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत. "ताई, तुजा पोर गेला. माजा तरी राहू दे. एक केस हाय ती झटापटीची म्हनता येल. दुसरी लागली त तो बाहेर नाय येनार." आई भावाच्या डोक्यावरून हात फिरवायची. मी ते बघून उठून जायचे. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटायचा, आणि त्याच वेळी तो राखाडी कार्ड छातीशी धरून हसलेला दिसायचा.

तुझा तर फुटलाच होता, ठाण्याच्या एका मित्राने मॉनिटर दिला. रिक्षात दोन्ही पायांमध्ये धरून आणला. परवा, मग आणि थर्मास फोडून झाल्यावर, मी खिडकीवर काळं कापड लावलं. कधी एकटीने केलं नव्हतं. दिवा मागे ठेवला. मॉनिटर चालू केला आणि अर्धा तास समोर बसून राहिले. तुझा अर्धा तास. तुला एवढ्या शिव्या घातल्या त्यात की खालच्या काकूंनी ऐकल्या असतील. मग पाल काढली. तिच्या पाठीला चीर गेलीय, पण चालते. सोडली काचेवर.

तेवढ्यात दार वाजलं. आई. एकटी. रिक्षा करून आलेली. अंगावर जांभळी साडी. ती आत नाही आली. उंबऱ्यातच थांबली, खुंटीवरचा तुझा राखाडी शर्ट काढला, साडीवरून चढवला, बटणं लावली गळ्यापर्यंत. मग आत येऊन माझ्या शेजारी बसली. पाल आपलं काम करत राहिली. लाल, हिरवा, निळा. तिच्या तोंडावर एकेक रंग येत होता आणि जात होता. संपलं तेव्हा पालीने दिलेला फरकाचा आकडा बघितला. बरोबर आला होता दत्ता. तू असतास तर आणखी दोनदा केलं असतंस.

"दाव," आई म्हणाली.

मी लावलं. आवाज बंद ठेवला. तिने तिचा भाऊ बघितला, कार्ड धरून. मग नाच. मग ग्लास. मग तो स्टँड वर गेला तिथे मी थांबवलं. ती वाकली. ऑपरेशन झालेले ते डोळे, ज्यांनी हिरवं लुगडं बघितलं होतं. किती वेळ बघत होती कोणास ठाऊक. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. काहीच करता आलं नसतं.

मग तिने हात पुढे केला. माझा हात सवयीने पट्टीकडे गेला, खरंच गेला. तिने बोट काचेवर टेकवलं, लिंबाच्या कुर्त्यावर. दाबून.

"यो घरचा. यो कापर मीच आनलेला उल्हासनगरशी." बोट सरकवत विलासवर नेलं. "यो मागून आनलेला, कामवाल्यांचा. घरच्या कोनाचे अंगान नव्हता." मग पुन्हा बोट मागे आलं, त्या उचललेल्या हातावर. "आन यो माजा पश्या." तिने त्याला पश्याच म्हटलं, माझा पश्या म्हटलं. मी तिला धरलं. आम्ही दोघी ओरडून रडलो. म्हणजे मी रडले. वर लिहिलंय ते खोटं आहे.

तोंड धुऊन ती म्हणाली, "चल. मी सांगन." मॉनिटर पुन्हा रिक्षात घातला. चौकीत साहेबाने खिडकीचे पडदे ओढले, आई सांगत गेली आणि तो लिहीत गेला. मामा बाहेर उभा होता, कोणी कळवलं माहीत नाही. ती त्याच्या समोरून आली. थांबली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, रोज फिरवायची तसाच, आणि रिक्षात बसली. विलास सुटेल असं वकील म्हणतात. त्याची बायको काल येऊन गेली, यावेळी बसली.

तर दत्ता, कोणासाठी, हे तू सांगितलं नाहीस, पण मी बघितलं. एका बाईसाठी. एकदाच. तेवढ्यासाठी तू दर सोमवारी माझं डोकं फिरवलंस. तरी मी हरले असं समजू नकोस. जिना उतरून रिक्षा पकडली असती तर हे सगळं तूच तिला दाखवलं असतंस, आणि मी शेजारी बसून तुझ्याशी भांडले असते. मी अजून तेच म्हणते. मरेपर्यंत तेच म्हणेन.

मॉनिटर परत जागेवर आणून ठेवलाय. दिवा लावला की काचेवर आईच्या बोटाचे ठसे दिसतात. हळदीच्या कुर्त्यावर सरकलं तिथे लांबट, आणि त्या उचललेल्या हातावर गोल, स्पष्ट. मी पुसलेलं नाही. मऊ कापड समोर आहे, पट्टी टेबलावर आहे, नेहमीच्या जागी.

ये ना. मार.